नर्सिंग शिक्षणाची मान्यता: कायदा, तपासणी आणि वॉर्ड

महाराष्ट्रात नर्सिंग कॉलेज चालवायचे तर एका मान्यतेवर भागत नाही. राज्य शासनाची परवानगी लागते, विद्यापीठाची किंवा परीक्षा मंडळाची संलग्नता लागते, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते आणि अभ्यासक्रम भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांत बसावा लागतो. शासन पाहते ती गरज, म्हणजे त्या जिल्ह्यात आणखी एक कॉलेज हवे आहे का. विद्यापीठ अध्यापन आणि परीक्षा पाहते. येथून बाहेर पडणाऱ्या मुलीचे किंवा मुलाचे नाव परिचारिकांच्या नोंदवहीत घालावे का, हे कौन्सिल ठरवते. या शेवटच्या प्रश्नासाठीच बाकीची सगळी यंत्रणा उभी आहे. भारतात डिप्लोमा किंवा पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर थेट नोंदणी होते. नोंदणीपूर्वी वेगळी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागत नाही. त्यामुळे रुग्णाच्या सुरक्षिततेची जवळजवळ सगळी भिस्त कॉलेजच्या मान्यतेवर येऊन पडते.

ही व्यवस्था एका दिवसात तयार झालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. आणि कामा रुग्णालयांत परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या व सुईणपणाच्या शिक्षणासाठी धाडले. रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे असे मानणाऱ्या समाजात हे पाऊल धाडसाचे होते. पण त्या काळात शिक्षण कसे द्यावे, किती काळ द्यावे आणि परीक्षा कोणी घ्यावी याचे एकसारखे नियम नव्हते. मोठी रुग्णालये स्वतःची प्रमाणपत्रे देत, मिशन रुग्णालयांची परीक्षा मंडळे वेगळी, प्रांतांचे कायदे वेगळे. मद्रास प्रांताचा कायदा 1926 चा, मुंबई प्रांताचा 1935 चा. एका प्रांतात शिकलेल्या परिचारिकेची पात्रता दुसऱ्या प्रांतात मानली जाईलच अशी खात्री नव्हती.

भोर समितीचा अहवाल 1946 मध्ये आला. देशात सुमारे 7,000 नोंदणीकृत परिचारिका, म्हणजे 43 हजार लोकांमागे एक, असे चित्र त्यात होते. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे बीएस्सी नर्सिंगचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. 1947 संपता संपता भारतीय नर्सिंग परिषद कायदा झाला. परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या प्रशिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा असावा, हा त्याचा उद्देश कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलेला आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर निरनिराळ्या भागांत चालू असलेले जुने कायदे एकत्र करून 1966 चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आज त्याच कायद्याखाली नोंदणी आणि प्रशिक्षण संस्थांची मान्यता पाहते.

अभ्यासक्रमागणिक दारे बदलतात. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षांचा आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) तीन वर्षांचा. या दोन्हींच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग, जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी आणि दोन वर्षांची एमएस्सी या पदव्या मुख्यतः नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. हे विद्यापीठ 1998 चे. त्याआधी ही कॉलेजे आपापल्या विभागातील पारंपरिक विद्यापीठांना जोडलेली असत. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज 1964 पासूनचे.

नवे कॉलेज काढू पाहणाऱ्या संस्थेची वाट विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यापासून सुरू होते. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या शाखेच्या किती जागा हव्यात, याचा अंदाज त्या आराखड्यात असतो. संस्थेचा अर्ज आला की विद्यापीठ तो तपासते आणि शिफारशीसह शासनाकडे पाठवते. अर्जासोबत संस्थेची नोंदणी, जमिनीची मालकी, इमारतीचे नकाशे, आर्थिक ऐपत आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णालयाची कागदपत्रे द्यावी लागतात. शासनाची परवानगी आणि कौन्सिलची तपासणी हे टप्पे ओलांडले, की विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती प्रत्यक्ष पाहणीला येते. तिचा अहवाल अनुकूल असेल तर पहिल्या वर्षाची संलग्नता मिळते आणि प्रवेशक्षमता ठरते. पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत कॉलेज कच्चेच असते: दुसऱ्या वर्षाच्या मुली येणार म्हणजे आणखी शिक्षक हवेत, तिसऱ्या वर्षी बालरोग आणि मानसोपचाराचे वॉर्ड हवेत. म्हणून या काळातली दरवर्षीची पाहणी अधिक काटेकोर असावी लागते.

निकषांची यादी लांब आहे. परिचर्येच्या मूलतत्त्वांची प्रयोगशाळा, सामुदायिक आरोग्याची, पोषणाची, प्रसूती व बालरोग परिचर्येची, मूलभूत विज्ञानांची आणि संगणकाची प्रयोगशाळा, ग्रंथालय, वर्गखोल्या, वसतिगृह, विद्यार्थ्यांना रुग्णालयात आणि खेड्यात नेण्यासाठी बस. हे सगळे पैसे असले की उभे राहते. प्रयोगशाळेतला पुतळा विकत आणता येतो, पुस्तके एका आठवड्यात कपाटात लागतात. विकत आणता येत नाही ते रुग्णालय.

परिषदेच्या निकषांप्रमाणे बीएस्सी नर्सिंगच्या कॉलेजला किमान 100 खाटांचे पालक रुग्णालय हवे. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण सांभाळायचे. खाटा नुसत्या मांडलेल्या चालत नाहीत, त्यांतल्या सरासरी 75 टक्के भरलेल्या असल्या पाहिजेत. पालक रुग्णालयात मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग असे सगळे विभाग नसतील, तर उरलेला अनुभव संलग्न रुग्णालयांत द्यायचा. तीही इतकी दूर नकोत की मुलींचा निम्मा दिवस बसमध्ये जाईल. साधारण 15 ते 30 किलोमीटर ही मर्यादा त्यासाठी आहे. मानसोपचाराचा अनुभव बहुतेक कॉलेजांना बाहेरच घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ कॉलेजांची मुले त्यासाठी पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत जातात. सामुदायिक आरोग्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि शहरी वस्ती लागते.

पालक रुग्णालयाच्या बाबतीत एक हमीपत्र घेतले जाते: हे रुग्णालय दुसऱ्या कोणत्याही नर्सिंग संस्थेचे पालक रुग्णालय म्हणून दाखवले जाणार नाही. हा नियम अनुभवातून आला आहे. एकच रुग्णालय दोन-तीन संस्थांनी आपापल्या अर्जात दाखवले, तर कागदावर तीनशे खाटा होतात आणि वॉर्डात शंभरच राहतात. त्या शंभर खाटांभोवती तीन कॉलेजांच्या मुली उभ्या राहिल्या, की एका मुलीच्या वाट्याला दिवसाकाठी एखादे टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) मोजणे येते. सलाइन लावणे, कॅथेटर घालणे, ऑपरेशनहून परत आलेल्या रुग्णावर नजर ठेवणे ही कामे ती लांबून पाहते. प्रसूती विभागात तर हा प्रश्न थेट मोजता येतो. प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने गरोदर स्त्रियांची तपासणी करायची, ठरावीक प्रसूती शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वतः करायच्या, बाळंतिणीची आणि नवजात बाळाची काळजी घ्यायची आणि हे सारे केसबुकात नोंदवून सही घ्यायची असते. रुग्णालयात वर्षाला होणाऱ्या प्रसूती आणि तुकडीतले विद्यार्थी यांचा भागाकार जमत नसेल, तर केसबुके भरलेली असूनही काहीतरी खोटे आहे, हे तपासणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळायला हवे. म्हणून चांगला निरीक्षक केसबुक आणि लेबर रूमचे रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

शिक्षकांचे प्रमाण दहा विद्यार्थ्यांमागे एक. साठ जागांचे कॉलेज चार वर्षांत 240 विद्यार्थ्यांचे होते, म्हणजे 24 शिक्षक लागतात. त्यांची उतरंड ठरलेली आहे: प्राचार्य, उपप्राचार्य, प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि ट्यूटर. शासकीय परिचर्या विद्यालयांत ज्यांना पाठ्यनिर्देशिका म्हणतात, त्या याच वर्गातल्या. वरच्या पदांना एमएस्सी आणि दीर्घ अनुभव लागतो, आणि एमएस्सीतही मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, सामुदायिक आरोग्य असे विशेष विषय असतात. लहान शहरांत हे मनुष्यबळ मिळणे खरोखर कठीण आहे. त्यातून नावापुरते शिक्षक दाखवण्याचा रोग देशभर पसरला: एकाच व्यक्तीचे नाव दोन राज्यांतल्या कॉलेजांत, पगाराची नोंद एकीकडे आणि प्रत्यक्ष काम दुसरीकडे. बायोमेट्रिक हजेरी, शिक्षकाला त्याच्या कौन्सिल नोंदणीने ओळखणे, परिचारिकांची देशव्यापी ऑनलाइन नोंदवही हे उपाय यासाठीच आले. त्यांनी फरक पडतो, पण अंगठा उमटवून निघून जाणारा शिक्षक यंत्राला ओळखता येत नाही.

तपासणी करण्याचा अधिकार 1947 च्या कायद्याच्या कलम 13 मधून येतो. परिषदेची कार्यकारी समिती निरीक्षक नेमते. ते संस्था पाहू शकतात आणि परीक्षांनाही हजर राहू शकतात. अहवालाची प्रत संस्थेकडे जाते, आणि राज्य शासनाकडे व राज्य कौन्सिलकडेही जाते. विद्यापीठाची चौकशी समिती आणि राज्य कौन्सिलची पाहणी आपापल्या कायद्याप्रमाणे वेगळी होते. एकाच कॉलेजमध्ये वर्षभरात दोन-तीन समित्या येऊन जातात आणि प्राचार्यांचा पुष्कळ वेळ त्याच त्या माहितीचे वेगवेगळे तक्ते भरण्यात जातो. विद्यार्थी, शिक्षक, खाटा आणि रुग्ण यांची एकच खरी माहिती सर्वांनी वापरली, तर हा भार निम्म्यावर येईल आणि दोन तक्त्यांमधली विसंगतीही आपोआप उघड होईल.

तपासणीच्या दिवशी दिसते ते खरे असेलच असे नाही, याचा मोठा धडा मध्य प्रदेशाने दिला. तेथील नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेतील गैरप्रकारांविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. सीबीआयच्या पथकांनी तीनशेहून अधिक कॉलेजे पाहिली आणि 169 कॉलेजे योग्य ठरवली. मग मे 2024 मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास पथकातल्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. उच्च न्यायालयाने ती 169 कॉलेजे न्यायिक अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह पुन्हा तपासायला लावली. या सगळ्या काळात हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि निकाल अडकून पडले. त्यांतली बहुतेक मुले साध्या घरांतली होती, आणि कॉलेजच्या इमारतीवरचा फलक पाहून त्यांनी प्रवेश घेतला होता.

मान्यता मिळाली की ती कायमची झाली असे नसते. संलग्नता पुढे चालू ठेवण्यासाठी कॉलेजला विद्यापीठाकडे ठरलेल्या मुदतीत प्रस्ताव द्यावा लागतो. समितीने दाखवलेल्या त्रुटींचा परिपूर्ती अहवाल द्यायचा आणि तो कागदाच्या जोरावर नव्हे, प्रत्यक्ष बदलाच्या जोरावर द्यायचा. प्राचार्य बदलले, इमारत बदलली, पालक रुग्णालय बदलले, तर ते लगेच कळवावे लागते. मंजूर जागांपेक्षा एकही प्रवेश जास्त देता येत नाही, आणि प्रवेश पात्रतेच्या नियमांप्रमाणे व सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणवत्तेप्रमाणेच व्हावे लागतात. अभ्यासक्रम बदलला की कॉलेजलाही बदलावे लागते. बीएस्सी नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम 2021 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. तो आठ सत्रांचा आणि श्रेयांकांवर आधारलेला आहे, आणि त्यात कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यावर सराव केल्यानंतरच रुग्णाला हात लावण्यावर भर आहे. ज्यांच्याकडे वार्षिक पद्धतीची घडी बसलेली होती, त्यांना वेळापत्रकापासून मूल्यमापनापर्यंत सारे नव्याने मांडावे लागले.

मान्यता टिकवण्याचे खरे काम मात्र या प्रस्तावांच्या बाहेर, रोजच्या दिवसांत होते. परिषदेच्या नियमांप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरून काढावी लागते. नर्सिंगच्या सगळ्या नियमांत हा नियम सर्वांत शहाणा म्हणावा असा आहे, कारण व्याख्यान चुकले तर पुस्तक वाचता येते, चुकलेला वॉर्ड वाचून भरून निघत नाही. तो पाळायचा तर क्लिनिकल रोटेशनचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीला तयार असावा लागतो आणि शिक्षकाने विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात उभे राहावे लागते. वॉर्डातील परिसेविका आणि कॉलेजचे शिक्षक यांच्यात बोलणे नसेल, तर मुली बिनपगारी मदतनीस होतात: रुग्ण एक्स-रेला नेणे, चादरी बदलणे, रिपोर्ट आणणे. कामे करायला हरकत नाही, पण त्यांतून शिकवणारे कोणी हवे. अधिसेविकेने कॉलेजच्या बैठकीला बसणे आणि प्राचार्यांनी वॉर्डात फेरी मारणे, या दोन साध्या गोष्टी जेथे होतात तेथे तपासणीच्या आदल्या रात्री फायली रंगवाव्या लागत नाहीत.

याशिवाय ऐच्छिक मूल्यांकनाचा एक मार्ग आहे. बंगळूरची नॅक ही संस्था 1994 पासून उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करते आणि आरोग्य विज्ञान संस्थांसाठी तिची स्वतंत्र नियमपुस्तिका आहे. कॉलेज आधी स्वयंअध्ययन अहवाल लिहिते, त्यातील आकडे पडताळले जातात आणि तज्ज्ञांची समिती भेट देते. कौन्सिलच्या मान्यतेचा प्रश्न असतो: किमान आहे का? मूल्यांकन विचारते ते याच्या पुढचे: संस्था स्वतःला कशी सुधारते? अमेरिकेत ही दुहेरी व्यवस्था नर्सिंगमध्ये पूर्ण रुजलेली आहे. तेथे प्रत्येक राज्याचे नर्सिंग बोर्ड कार्यक्रमाला मंजुरी देते, ती सक्तीची. त्याखेरीज सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांचे मूल्यांकन असते. सीसीएनई नव्या कार्यक्रमाला जास्तीत जास्त पाच आणि नंतर दहा वर्षांपर्यंत मान्यता देते. कार्यक्रमातून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण एनसीएलईएक्स ही परवाना परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, हा आकडा तेथे जाहीर असतो आणि मूल्यांकनात तो निर्णायक ठरू शकतो. भारतीय पद्धत इमारत, खाटा आणि माणसे मोजते. शिकून बाहेर पडलेल्यांचे काय झाले हे ती फारसे विचारत नाही. ही तिची मोठी उणीव आहे.

कॉलेजने ठेवलेल्या नोंदींचे महत्त्व परदेशी जाणाऱ्या परिचारिकांना फार लवकर कळते. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत नोंदणीसाठी अर्ज केला की कोणत्या विषयाचे किती तास झाले, प्रात्यक्षिकाचे किती झाले, संस्था कोणत्या कौन्सिलकडे नोंदलेली होती, हे सारे मागितले जाते. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. कॉलेजने दहा वर्षांपूर्वी नीट ठेवलेले किंवा न ठेवलेले हजेरीपट अशा वेळी एखाद्या परिचारिकेचे भवितव्य ठरवतात.

अधिकार नेमका कोणाचा, हा वादही न्यायालयापर्यंत गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2017 मध्ये निर्णय दिला, की 1947 च्या कायद्याने भारतीय नर्सिंग परिषदेला पात्रतांना मान्यता देण्याचा अधिकार आहे, संस्थांना मान्यता देण्याचा नाही. संस्थेसाठी राज्य कौन्सिल आणि विद्यापीठ पुरेशी आहेत. त्यानंतर विद्यार्थ्यांमध्ये आणि पालकांमध्ये मोठा गोंधळ उडाला, कारण दुसऱ्या राज्यात नोकरी मिळेल का हा त्यांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. कायद्याचे शब्द जुने झाले होते, हे यातून स्पष्ट झाले.

संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा केला. 1947 च्या कायद्याची जागा घेण्यासाठीच तो केला गेला. आयोगाखाली तीन स्वायत्त मंडळे आहेत: शिक्षणाचे, मूल्यांकन व मानांकनाचे, नीतिमत्ता व नोंदणीचे. राज्यांनीही आपापले आयोग स्थापायचे आहेत. नवी संस्था, नवा पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा जागांतील वाढ यांसाठी मूल्यांकन मंडळाची पूर्वपरवानगी लागेल आणि आर्थिक साधने, शिक्षक व रुग्णालय या तिन्ही गोष्टी पुरेशा आहेत का हे पाहिले जाईल. तपासणीसाठी त्रयस्थ संस्था नेमता येतील आणि मानांकने जाहीर होतील. ही जाहीर मानांकने नीट झाली, तर गडचिरोलीतल्या किंवा परभणीतल्या पालकाला पहिल्यांदाच दोन कॉलेजांची तुलना करता येईल. मात्र मानांकनात इमारतीपेक्षा वॉर्डातल्या शिक्षणाला जास्त गुण असले पाहिजेत.

निकष न पाळणाऱ्या संस्थेवर नव्या कायद्याप्रमाणे पायरीपायरीने कारवाई होऊ शकते: ताकीद, दंड, जागा कमी करणे, प्रवेश थांबवणे आणि अखेरीस मान्यता काढून घेणे. जुन्या कायद्याच्या कलम 14 मध्ये मधल्या पायऱ्या नव्हत्या. तेथे परिषदेचे आक्षेप राज्य शासनामार्फत संस्थेला कळवले जात, खुलाशासाठी मुदत दिली जाई आणि खुलासा पटला नाही तर अमुक तारखेपूर्वी मिळालेली पात्रताच मान्य धरली जाईल असे जाहीर करता येई. त्या तारखेआधी शिकून गेलेल्यांची नोंदणी त्यामुळे सुरक्षित राहत असे. मधल्या वर्षांत अडकलेल्या विद्यार्थ्यांची सोय मात्र विद्यापीठाला आणि राज्य कौन्सिलला करावी लागते: जवळच्या मान्यताप्राप्त कॉलेजमध्ये त्यांना सामावून घेणे, त्यांच्या झालेल्या प्रात्यक्षिकाचे तास मोजून उरलेले पूर्ण करून घेणे, परीक्षेचे केंद्र बदलणे. यासाठी मूळ कॉलेजकडे असलेले हजेरीपट, केसबुके आणि गुणपत्रके पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या ताब्यात येणे आवश्यक असते, कारण बंद पडलेल्या संस्थेच्या कार्यालयात नंतर ती सापडत नाहीत.